आधी नाव, मग अश्रू
(गांधीहत्येनंतरचा कुमारवयीन शोक आणि आपले साहित्य)

राष्ट्राचा एखादा नेता मारला जातो तेव्हा शोक कोण करतो? वर्तमानपत्रे म्हणतात, देश शोक करतो. कवी म्हणतात, युग शोक करते. सरकार ध्वज अर्ध्यावर उतरवते. या मोठमोठ्या शब्दांच्या गर्दीत तेरा ते एकोणीस वर्षांची मुलेमुली कुठे असतात, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. थोरांच्या शोकात लहानांचाही आलाच, असे आपण गृहीत धरतो. तो तसा येत नाही, असे आम्हास वाटते.

आम्ही पेशाने शिक्षक. बी.एड.च्या वर्षात शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात कुमारावस्थेवर एक प्रकरण होते. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या वयाला वादळाचा आणि ताणाचा काळ म्हटले, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. राग, आकर्षण, बंडखोरी, आदर्शाची ओढ हे सारे त्या प्रकरणात होते. शोक तेवढा नव्हता. ज्या वयात आदर्शाची ओढ सर्वांत तीव्र असते, त्याच वयात तो आदर्श गोळ्या घालून मारला गेला तर मुलाच्या मनाचे काय होते? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नसेल तर साहित्यात तरी असावे, या अपेक्षेने ३० जानेवारी १९४८ या दिवसाभोवतीचे काही लेखन आम्ही पुन्हा वाचले. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

हाच दिवस का, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १३ ते १८ जानेवारी १९४८ या दिवसांत गांधीजींनी दिल्लीत उपोषण केले. ते सोडण्यासाठी ज्या गोष्टींची हमी त्यांनी मागितली, त्यांत मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावरचा उरूस निर्धोकपणे पार पडावा, हीही एक होती. २७ जानेवारीला ते स्वतः त्या दर्ग्यावर गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिर्ला भवनात प्रार्थनेला जाताना त्यांना मारण्यात आले. म्हणजे ज्यांच्यासाठी तो म्हातारा उपाशी राहिला, त्यांच्या घरांतल्या मुलांना हा शोक अगदी जवळचा असायला हवा होता.

पहिल्यांदा उर्दू कविता पाहू. या घटनेवर उर्दूत भरपूर लिहिले गेले. मजाज यांची 'सानेहा' ही रचना आहे. आनंद नारायण मुल्ला यांची 'महात्मा गांधी का कत्ल' आहे. शमीम करहानी यांची मृत्यूला झोप मानणारी हळवी नज्म तर कित्येकांना तोंडपाठ होती. या रचना मोठ्या आहेत आणि त्यांतले दुःख खरे आहे. पण तिथे रडणारा 'आम्ही' हा सबंध कौमचा, सबंध मुल्कचा 'आम्ही' आहे. त्याला वय नाही, घर नाही, शाळा नाही. आश्चर्य याचे, की मुलांना शोकाची जबान देण्याची कला उर्दूजवळ आधीपासून होती. मीर अनीस यांचे मर्सिये आठवावेत. तिथे कासिम आहे, अली अकबर आहे, औन आणि मुहम्मद आहेत, छोटी सकीना आहे. करबलाचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचते ते बरेचसे याच कोवळ्या तोंडांतून. कुणी पाणी मागते, कुणी लढाईवर जाण्याची इजाजत मागते, कुणी बापाची वाट पाहते. मर्सियाने जे साधले ते १९४८ च्या नज्मने साधले नाही. तिने कासिम-सकीना वगळले आणि फक्त मातम ठेवला.

मग कुमारवयाच्या उंबरठ्यावरची एखादी व्यक्ती या मृत्यूविषयी लिहिताना कुठेच भेटत नाही का? एक भेटते, आणि तीही त्या क्षणी गांधीजींच्या अगदी शेजारी असलेली. मनुबेन गांधी. लहानपणी आई गेलेली ही मुलगी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या सेवेसाठी आली. त्या वेळी ती आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्या वयाची होती. तिथे तिला रोजनिशी लिहायला लावण्यात आली. गांधीजी ती वही तपासून खाली सही करीत. ३० जानेवारीला ती विशीत होती. एका बाजूला आभा, दुसऱ्या बाजूला मनु, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून गांधीजी चालत होते. मनुच्या हातात त्यांची जपमाळ, वही आणि पिकदाणी होती. गर्दीतून पुढे आलेल्या माणसाला, बापूंना आधीच उशीर झाला आहे, असे सांगून तिने अडवू पाहिले. त्याने तिला ढकलले. हातातल्या वस्तू खाली पडल्या, आणि गोळ्या सुटल्या.

१९४९ मध्ये तिचे 'बापू, मारी मा' हे छोटे गुजराती पुस्तक आले. राष्ट्रपित्याला आई म्हणणारे हे नावच मुळी पाहण्यासारखे आहे. सारा देश ज्याला पिता म्हणतो, त्याच्याशी या मुलीचे नाते आईचे, आणि तिचा शोक त्या नात्याच्या आकाराचा. पुस्तकात स्वराज्याची चर्चा जवळजवळ नाही. तिथे एक दगड आहे. पाय घासायचा. नोआखालीच्या पदयात्रेत ती तो एका झोपडीत विसरून येते. गांधीजी तिला एकटीला परत पाठवतात. दंगलीने होरपळलेला मुलूख, माडा-पोफळींतून जाणारी निर्जन वाट, मनात धडकी. ती रडकुंडीला येते, पण दगड घेऊनच परतते. समीक्षकांनी अशा पुस्तकाला 'आठवणी' म्हणून बाजूला ठेवले. आम्हास हे कुमारवयीन शोकाचे अस्सल लेखन वाटते. मूल रडते ते महान माणसासाठी नव्हे. आपल्याला रागावणाऱ्या, वही तपासणाऱ्या, हरवलेला दगड शोधून आणायला लावणाऱ्या माणसासाठी ते रडते. मोठी माणसे मृताला मोठे करत जातात. मुले त्याला जवळ ओढतात.

पण मनुचा शोक अपवाद ठरला, कारण मारेकऱ्याचे नाव विचारण्याची गरज तिला नव्हती. तिने त्याला समोर पाहिले होते. त्या संध्याकाळी देशातल्या असंख्य घरांत पहिला प्रश्न 'कोण गेले' हा नव्हता, 'कोणी मारले' हा होता. आपल्या घरांत तर नक्कीच. मारेकरी मुसलमान असता तर काय झाले असते, याची कल्पना सरकारलाही होती. म्हणूनच मारणारा हिंदू आहे, हे रेडिओवरून मुद्दाम सांगण्यात आले.

या प्रश्नाचे सर्वांत धारदार चित्र सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) या कादंबरीत आहे. या लेखकाच्या नंतरच्या एका पुस्तकाने आपल्या वाचकांचे मन किती दुखावले, हे आम्ही जाणतो. तरी हे प्रकरण वाचायला हवे. मुंबईतले एक मुसलमान कुटुंब मामाच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला गेलेले असते. खेळ मध्येच थांबतो आणि रंगमंचावरून बातमी सांगितली जाते. कुटुंब घाईने घरी येते, दारे बंद होतात, रेडिओला कान लागतात. अखेर नाव येते आणि आई सुटकेचा निःश्वास सोडते. त्या नावाने आपला जीव वाचवला, ही तिची भावना. इथपर्यंत चित्रण अचूक आहे. आमचा आक्षेप पुढचा आहे. निःश्वासानंतर काय? त्या घराला गांधीजींसाठी रडायचे होते की नव्हते? कादंबरी तिथे थांबत नाही, पुढच्या गमतीकडे वळते. भीती सरते आणि तिच्याबरोबर शोकही सरतो. पुढे निवेदक सांगतो, की आपल्या कथेत या हत्येची तारीख चुकली आहे, आणि ती तो दुरुस्तही करत नाही. एरवी याला निवेदनाचा खेळ म्हणून सोडून देता आले असते. पण जो मृत्यू केवळ 'आपण वाचलो' म्हणून लक्षात राहतो, त्याची तारीख चुकणारच. माणूस रडला असता तर तारीख राहिली असती.

आता त्याच नावाची दुसरी बाजू. व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' ही कादंबरी १९६४ ची. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या दिवसांत शहरात असलेले तरुण गावाकडे निघतात, आणि वाटेवर व गावात त्यांना जे दिसते, त्याची ही गोष्ट आहे. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातले. १९४८ साली त्यांनी नुकतीच विशी गाठली होती. त्यांची भाषा कोरडी, आवाज न चढवणारी. जळलेली घरे, ओळखीची माणसे अनोळखी होणे, वाटेवरच्या प्रत्येकाकडे संशयाने पाहणे, हे सारे ते साध्या शब्दांत सांगतात. कादंबरीची खरी ताकद आम्हास एका पोकळीत दिसते. ज्याच्या मृत्यूने हे सारे घडले, त्या माणसासाठी शोक करायला या तरुणांना उसंतच मिळत नाही. त्यांच्यातला एखादा गांधीजींना मानणारा असला तरी काय? त्याचे आडनाव मारेकऱ्याच्या आडनावाच्या पंगतीतले. त्याला आधी जीव वाचवायचा आहे, मग घर, मग म्हातारे आईबाप. शोकाचा क्रमांक लागत नाही. आणि जी पोरे घर पेटवायला येतात, त्यांनाही आपण गांधीजींसाठीच हे करत आहोत असे वाटत असते. त्यांचाही शोक दुसऱ्या कुणी तरी पळवला आणि त्याच्या हातात काडी दिली.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. आमच्या माहितीत ती तशी वाचली जात नाहीत. एक इंग्रजीतले, मुंबईचे, मुसलमान घराचे. दुसरे मराठीतले, खेड्याचे, ब्राह्मण घराचे. पण संध्याकाळ एकच आहे आणि नावही एकच आहे. त्या एका नावाने एका घराला सुटकेचा श्वास दिला आणि दुसऱ्या घराला आग. आपण सुटलो, यात आपला काही गुन्हा नव्हता. जळालेल्यांचाही नव्हता. मात्र दोन्ही घरांतल्या मुलांचा शोक त्या नावाने गिळला. मारेकऱ्याची जात-जमात शोकाच्या दारावर पहारेकरी होऊन बसली की असेच होते. १९८४ मध्ये इंदिरा गांधींना त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी मारले, तेव्हा हाच पहारेकरी पुन्हा बसला. एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ माणसे मारली गेली. त्या दिवसांत पगडी बांधणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाला पंतप्रधानांसाठी वाईट वाटले असेल, तर ते त्याने कुणाला सांगावे?

नावाचे आणखी काय करता येते, हे एका मराठी शिक्षकाने त्याच वेळी दाखवले होते. साने गुरुजी हे कुमारांचे लेखक. गांधीहत्येनंतर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मारेकरी आपल्या मुलखातला आहे, हे कळल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला नाही की कुणाच्या घराकडे बोट दाखवले नाही. ते नाव त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. हे सर्वांना जमणार नाही, मुलांकडून तशी अपेक्षाही नको. पण नाव समजल्यावर सुटका आणि सूड यांच्यापलीकडेही एक वाट आहे, एवढे मुलांना यातून कळते.

इथे आमच्या वाचनातले एक परदेशी उदाहरण देतो, कारण तिथे कुमारांचा शोक सर्वांच्या नजरेसमोर झाला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमध्ये इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना शांतता मेळाव्यानंतर एका ज्यू तरुणाने गोळ्या घातल्या. राबिन यांच्याविषयी आपल्या वाचकांच्या मनात आदर असण्याचे कारण नाही. १९४८ मध्ये लिद्दा शहरातल्या अरबांना हाकलण्याच्या आदेशावर त्यांची सही होती आणि पहिल्या इन्तिफादाच्या वेळी ते संरक्षणमंत्री होते. १९९३ चा ओस्लो करारही त्यांचाच. आमचा विषय ते नाहीत, त्यांच्यासाठी रडणारी मुले आहेत. हत्येनंतर शाळकरी वयाची हजारो मुले त्या चौकात येऊन बसली. मेणबत्त्या लावल्या, गाणी म्हटली, भिंतींवर लिहिले. तिथल्या लोकांनी त्यांना 'मेणबत्त्यांची मुले' असे नावच दिले. मारेकरी आपल्यातलाच निघाल्याचा धक्का तिथेही होता. तरी मुलांना चौक मिळाला, रात्र मिळाली, एकमेकांची संगत मिळाली.

दफनाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन, जॉर्डनचे राजे हुसेन, इजिप्तचे मुबारक असे बडे लोक बोलले. पण जगाच्या लक्षात राहिले ते राबिन यांच्या अठरा वर्षांच्या नातीचे, नोआचे बोलणे. मी शांततेविषयी बोलणार नाही, आजोबांविषयी बोलणार आहे, अशा आशयाने तिने आरंभ केला. पुढे १९९६ मध्ये तिचे आठवणींचे पुस्तकही आले. मनु आणि नोआ यांच्यात देश, धर्म, काळ, राहणी यांचे केवढे अंतर! तरी दोघींची रीत एक आहे. दोघींनी नेत्याला खाली उतरवून घरात आणले आणि मग त्याच्यासाठी अश्रू ढाळले.

मेणबत्त्यांच्या मुलांचे कौतुक इथेच थांबवणेही गरजेचे आहे. मे १९९६ च्या निवडणुकीत ओस्लो कराराला विरोध करणारे नेतान्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने निवडून आले. मेणबत्त्या विझल्या आणि राजकारण आपल्या वाटेने गेले. पुढे त्या भूमीवर काय काय झाले आणि गाझामध्ये किती मुले मारली गेली, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा शोक केला म्हणजे न्याय झाला, असे कुणी समजू नये. त्या मुलांच्या शोकात एक मोठी उणीवही होती. कुंपणापलीकडच्या त्यांच्याच वयाच्या मुलांसाठी त्यात जागा नव्हती. शोक स्वतःच्या अंगणापुरता राहिला तर तो मन हलके करतो, माणूस मोठा करत नाही.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता शाळांतून दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. आमचे विद्यार्थी शिस्तीत उभे राहतात, घंटा झाली की बसतात. त्या दोन मिनिटांत त्यांच्या मनात काय येते, याची वहीत कुठेही नोंद होत नाही. पण दुसरी एक गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. देशात कुठेही हल्ला झाल्याची, कुणाला मारल्याची बातमी आली, की आठवी-नववीची मुले आधी विचारतात, "सर, मारनेवाला कौन था?" नाव कळेपर्यंत त्यांचे चेहरे ताठ असतात. नाव 'आपले' नसेल तर ती सैल होतात, आणि मेलेल्याविषयी बोलणे तिथेच संपते. असेल तर दिवसभर वर्ग गप्प असतो. मेलेल्यासाठी हळहळण्याची पाळी दोन्ही वेळा येत नाही. ही मुले निर्दय नाहीत. १९४८ च्या त्या बंद दारामागचा निःश्वास त्यांच्यापर्यंत वारशाने आला आहे. घरात कुणी शिकवला नाही, तरी आला आहे.

म्हणून हा प्रश्न आम्हास केवळ समीक्षेचा वाटत नाही. बेगम अनीस किदवई यांचे 'आजादी की छाँव में' हे उर्दू आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यांचे पती शफी अहमद किदवई ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरीत मारले गेले. त्या गांधीजींकडे गेल्या आणि त्यांनी त्यांना निर्वासितांच्या छावण्यांत कामाला लावले. ज्या बाईला पतीच्या मारेकऱ्यांच्या जमातीचा द्वेष करण्याचा हक्क होता, तिने सर्वांच्या दुःखाची नोंद ठेवली. प्रौढांच्या शोकाचा असा दस्तऐवज आपल्याजवळ आहे. कुमारांच्या शोकाचा नाही. मराठी मुसलमानांच्या घरांतला तर आमच्या वाचनात एकही नाही.

त्या संध्याकाळी जी मुले चौदा-पंधरा वर्षांची होती, त्यांनी आता नव्वदी ओलांडली आहे. कोकणातल्या मोहल्ल्यांत, भिवंडीत, मालेगावात, मराठवाड्यातल्या कस्ब्यांत अजून थोडी माणसे असतील. मराठवाड्यावर त्या वेळी निजामाची सत्ता होती आणि पोलिस अॅक्शनला अजून साडेसात महिने होते, म्हणजे तिथल्या मुलांची भीती आणखी निराळी असणार. त्यांना कुणीतरी विचारले पाहिजे, की बातमी कुणी आणली, दार कुणी लावले, नाव कळल्यावर घरात काय बोलणे झाले, आणि त्यानंतर रात्री कुणी रडले का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोठ्यांनी 'सब्र करो' म्हणून किंवा 'चुप बैठो' म्हणून जे अश्रू आत ढकलले, ते आपल्या कथेत, कवितेत, कादंबरीत यायला हवेत.

आपल्या लेखकांनी दंगलीवर लिहिले, तलाकवर लिहिले, गरिबीवर लिहिले. ते सगळे गरजेचे होते. आता एखाद्याने त्या पंधरा वर्षांच्या मुलावर लिहावे, ज्याला रेडिओवरचे नाव ऐकून आधी हायसे वाटले आणि मग हायसे वाटल्याची लाज वाटली. त्याची ती लाज हाच त्याचा शोक होता. ती कुणी लिहून ठेवली, तर नववीच्या वर्गात वाचून दाखवायची आमची तयारी आहे. मुले कदाचित पुन्हा विचारतील, मारणारा कोण होता? विचारू देत. त्यानंतर 'मरनेवाला कौन था' हेही त्यांनी विचारावे, एवढ्यासाठी ती गोष्ट हवी आहे.